बारावा वाचक

"अहो, हात नका—"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा तळवा ओल्या खळीत रुतला होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी जुनी पुस्तकं बांधते. नुकतीच खळ लावलेलं एक पुस्तक टेबलावर होतं, आणि वेबसाइट दुरुस्त करायला आलेला हा माणूस वायर शोधता शोधता नेमका त्याच्यावरच रेलला.

"पुस्तकानं धरलंय मला," तो म्हणाला. "सोडवता का?"

ओल्या फडक्यानं मी एकेक बोट सोडवत गेले... घाई मला नव्हती. त्यालाही नसावी.

माझी मावशी बाहेर काउंटर सांभाळते. ती दारातून डोकावली. "अगं, हात पुसतेयस की नक्षी काढतेयस?"

मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. मावशी त्याला 'तारवाले' म्हणायची. पुस्तकांत मला काय काय सापडतं, सुकलेलं पान, केसांची पिन, अर्धी राहिलेली चिठ्ठी... ते मी वेबसाइटवर लिहावं, ही त्याचीच कल्पना. त्या लिखाणाला त्यानं 'फीड' नावाची सोयही जोडून दिली.

"म्हणजे मी लिहिलेलं घरोघर पाठवायचं?"

"छे! तुम्ही कुठेच जायचं नाही. लिहिलंत की एका यादीत नोंद होते. ज्याला हवंय, त्याचा फीड रीडर तासातासाला येऊन विचारतो, काही नवीन? असलं तर घेऊन जातो. नसलं तर गुपचूप परत."

"रुसत नाही?"

"रीडर नाही रुसत. माणसांचं सांगता येत नाही."

"आणि येतं कोण कोण?"

"बारा जण." तो वायर गुंडाळू लागला. "नावं... नावं नाही कळत."

आणि मग तो शुक्रवार आला.

"परगावी नोकरी मिळतेय," तो म्हणाला. "आज पाचपर्यंत हो-नाही कळवायचंय." आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "अभिनंदन."

तो गेला. तोंडून जे निघेना, ते मी कॉम्प्युटरवर लिहून काढलं: 'आज एका पुस्तकात काहीच सापडलं नाही. फक्त त्याच्या कापडी कव्हरावर पाच बोटांचे ठसे आहेत. ते पुस्तक मी अजून पुसलेलं नाही. पुसणारही नाही. शुक्रवारच गेला, तर आठवडा घेऊन मी काय करू?'

मसुदा म्हणून जपून ठेवायचं होतं. बोट पडलं शेजारच्या 'प्रसिद्ध करा'वर. लक्षात यायला तीन मिनिटं गेली. लगेच मी ते उडवून टाकलं.

"काढलंस ना?" मी सांगितल्यावर मावशी म्हणाली. "मग कोणाला कळतंय!"

कोणालाच नाही... तेच तर दुखत होतं.

साडेचारला तो दारात. धापा टाकत.

"तुम्ही ते काढून टाकलंत."

"काय?"

"ठसे."

माझे कान तापले. "अहो, पण तीनच मिनिटं होतं ते! रीडर तर तासानं येतो ना—"

"बाकीच्या अकरांचा." तो बुटांकडे बघत म्हणाला, "माझा... दर मिनिटाला येतो. पहिल्या दिवसापासून. आणि एकदा नेलेलं, तुमच्याकडून पुसलं तरी माझ्याकडे राहतं."

"तरीच वेबसाइट हळू चालते!" बाहेरून मावशी.

तो हसला नाही. "काढलंत, म्हणजे... तसं काही नाहीच का? तेवढं सांगा. पाच वाजत आलेत."

मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि तेच पुन्हा लिहिलं, शब्द न् शब्द.

"आता बाराही जणांकडे जाईल हं," तो हळूच म्हणाला. "परत नाही घेता येणार."

"जाऊ दे."

या वेळी बोटाकडे नीट बघून बटण दाबलं.

"थांबा," तो म्हणाला, "मिनिट लागेल."

केवढं मोठं मिनिट ते! खिडकीचा पडदा फुगला, निवला. खळीच्या भांड्यावर साय धरली. त्याची बाही माझ्या बाहीला लागली, आणि तिथेच राहिली...

त्याच्या खिशातल्या फोनवर टिंग.

त्यानं सगळं पहिल्यापासून वाचलं, जणू नवीनच आहे. मग परगावी दोन शब्द पाठवले आणि मला दाखवले: 'येत नाही.'

"काही नवीन?" मी विचारलं, अगदी रीडरसारखं.

त्यानं तळवा पुढे केला. मी माझा त्यावर ठेवला. माझ्या बोटांना अजून खळ होती.

"या वेळी," तो म्हणाला, "सोडवू नका."