मोटरमधला झीलकरी

भानुदास तारळेकरांनी, म्हणजे अण्णांनी, नळाकडे हात नेला आणि हात पोचायच्या आतच नळ सुटला. त्यांनी हात मागे घेतला. नळ बंद. पुन्हा पुढे केला. सुटला.

"मेल्या, मला नुसता पुसायचा होता तुला," अण्णा नळाला म्हणाले.

फडकं खांद्यावर टाकून ते वळले, तर स्वयंपाकघराचं दार आधीच सरकलं होतं. बाहेर जायचं की नाही हे अण्णांचं अजून ठरलं नव्हतं. दाराचं ठरलं होतं. मिरजेतल्या सगळ्या घरांत असंच होतं म्हणा. पंधरा वर्षांत लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला त्यात नवल वाटत नसे. अण्णांनाही वाटत नव्हतं, वीणेची घोडी तडकेपर्यंत.

मोटरला वीज दिली की ती फिरते. पण किती फिरायचं आणि कुठे थांबायचं हे तिला ठाऊक नसतं. ते सांगणारी विजेची जोडणी म्हणजे चालक. पूर्वीचे चालक हुकमाचे ताबेदार होते: दहा पावलं म्हटलं की दहा पावलं. पुढे शास्त्रज्ञांना एक गोष्ट कळली. माणूस हात हलवतो, तेव्हा त्या हालचालीच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यातच तिचा शेवट दडलेला असतो. तेवढा तुकडा नीट वाचला तर उरलेले नऊ हिस्से यंत्राला सांगावे लागत नाहीत; ते स्वतःच पुरे करतं. हे वाचणाऱ्या चिपचं नाव पूर्तिचालक. अण्णा मात्र तिला झीलकरी म्हणत. कीर्तनात बुवांनी चरण उचलावा आणि मागच्या झीलकऱ्यांनी तो झेलून शेवटाला न्यावा, तसंच हे.

"फरक एवढाच," ते म्हणायचे, "आपला झीलकरी बुवांच्या मागून येतो. हा पुढून येतो."

अण्णा चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि पन्नास वर्षं गल्लीतल्या विठ्ठल मंदिराचे वीणेकरी. तिथली वीणा सिकंदरभाईंनी घडवलेली. सिकंदरभाई जाण्यापूर्वी अण्णांना म्हणाले होते, "अण्णा, ही घोडी कधी गेली तर तयार आणून बसवू नका. तुम्ही कारागीर माणूस. स्वतःच्या हातानं करा, कानानं ऐकत करा." अण्णांनी वीणेवर हात ठेवून शब्द दिला होता. आता घोडी तडकली होती आणि सप्ताह एकोणीस दिवसांवर आला होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. आणि पहिला गळा अण्णांचा.

घोडी म्हणजे जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी. तिचा माथा दिसतो सपाट, पण असतो किंचित उतरता. त्या उतारावर तार लागते-सुटते, लागते-सुटते, आणि मग स्वर एकटा येत नाही, आपली सगळी भावंडं संगती घेऊन येतो. हीच जवारी. उतार केसभर चुकला की तार मुकी.

अण्णांचे हात आता थरथरत. म्हणून त्यांनी मेजावर मावेल असं एक छोटं सीएनसी, म्हणजे मोटरांनी कटर सरकवणारं, यंत्र घेतलं होतं. त्याला दोन हातचाकं होती. चाक बोटभर फिरवलं की कटर त्याच्या शंभराव्या भागाइतकाच सरके. थरथरही शंभरपट बारीक होई. त्यावर त्यांनी शिसवीच्या तीन घोड्या कापल्या. तिन्ही गुळगुळीत, तिन्ही देखण्या. वीणेवर चढवून तार छेडली, तर आवाज अगदी बाजारात मिळणाऱ्या वीणेसारखा.

"मी उतार वेगळा दिला होता," अण्णा मुलीला म्हणाले. "तिन्ही वेळेला वेगळा! आणि तिन्ही एकसारख्या कशा?"

शर्वाणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत असल्याच चिपांवर काम करायची आणि तीन आठवड्यांच्या रजेवर आली होती. ती म्हणाली, "कारण उतार तुम्ही दिलाच नाही, अण्णा. तुम्ही सुरू केलात. पूर्तीनं ओळखलं की हा माणूस घोडी करतोय, आणि लाखो घोड्यांवरून शिकलेला उतार तिनं पुरा केला."

"म्हणजे ही घोडी माझी नव्हे."

"दहावा हिस्सा तुमचा."

"सिकंदरभाईंना दिलेला शब्द काय दहाव्या हिश्श्याचा होता?" अण्णा उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, बसले, पुन्हा उठले. "झीलकऱ्याशिवायचा चालक कुठे मिळतो?"

"मिळत नाही. कुणी करतच नाही आता."

"मग आपण करू."

"अण्णा, तुम्ही सत्तरीचे आहात."

"म्हणून तर घाई आहे, शर्वे!"

तिनं प्रयोगशाळेच्या भंगारातून जुने ट्रान्झिस्टर मागवले. या जातीची मोटर एका दमात फिरत नाही, एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते. आत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. प्रत्येक गुंडाळीत वीज कधी इकडून तर कधी तिकडून सोडायची, म्हणजे आतलं चुंबक एकेक पाऊल पुढे ओढलं जातं. "दिंडीतल्या पावल्यांसारखं," अण्णा म्हणाले. "दोन पुढे, एक मागे."

"मागे नको, अण्णा. मागे गेलं तर कटर तुटेल."

एका गुंडाळीला चार ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची चार फाटकं. समोरासमोरची दोन उघडायची, उरलेली मिटायची. एकाच बाजूची दोन्ही उघडली की धूर. अण्णांनी पहिल्या दिवशी पाच ट्रान्झिस्टर जाळले, दुसऱ्या दिवशी तीन. तारा झाळून जोडताना राळेचा धूर निघायचा आणि घरभर देवळातल्या धुपाचा वास पसरायचा. अण्णांना त्या वासानं बरं वाटे, पण बसवत नसे. घास टाकून उठायचे, एखादी तार ओढून बघायचे, परत ताटावर यायचे.

सातव्या दिवशी चालक तयार झाला. शर्वाणीनं त्याचं नाव ठेवलं आंधळा चालक. तो काही वाचत नव्हता, काही ओळखत नव्हता; चाक हललं तेवढंच मोटर हलवायचा. तिनं संगणकातून त्याला चौकोन काढायला सांगितला. चौकोन चोख आला.

"विठ्ठल विठ्ठल!" म्हणून अण्णांनी चाकं हातात घेतली, शिसवीचा तुकडा लावला आणि उतार कापला.

कटर जरासा चालला आणि थांबला.

"चालक पावलं खातोय," अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा कापलं. पुन्हा तेवढंच चालून कटर उभा. अण्णांनी कटर सरकवणारा स्क्रू तपासला, त्यात ढिलाई नव्हती. तारा बदलल्या, ट्रान्झिस्टर बदलले. चाळीस वर्षं त्यांनी बिघाड यंत्रातच शोधला होता आणि तो यंत्रातच सापडला होता. तीन दिवस त्यांनी तो चालक सोडला-जोडला, सोडला-जोडला. सप्ताह नऊ दिवसांवर आला.

शेवटी शर्वाणीनं यंत्राकडे बघणं सोडलं आणि त्यांच्या हाताकडे बघत बसली. मग तिनं हातचाकाच्या कडेला खडूची खूण केली.

"अण्णा, चाक एक पूर्ण फेरा फिरवा."

अण्णांनी फिरवलं. "झालं."

खूण घड्याळातल्या बारावरून निघून एकावर येऊन थांबली होती.

अण्णा खुणेकडे बघत राहिले. शर्वाणीनं देव्हाऱ्याशेजारची जुनी पाटी आणली आणि खडू त्यांच्या हातात दिला. "डोळे मिटा. एक गोल काढा."

"झाला," म्हणून अण्णांनी डोळे उघडले. पाटीवर बीजेच्या चंद्रासारखी एक कोर होती.

"पण मला वाटलं... शर्वे, अगं हात पूर्ण फिरल्यासारखा वाटला मला!"

"मेंदू मोठा कंजूष असतो, अण्णा." तिचा आवाज खाली आला होता. "जे दुसरं कुणी करून देतं, ते तो करत नाही. घास अजून तोंडापर्यंत जातो, कारण तिथे मोटर नाही. पण चाक, पेन, चावी, सुई, सगळ्यांत पूर्ती आहे. पंधरा वर्षं आपण फक्त सुरुवात करतोय. मग मेंदू पुढचा हुकूम धाडेलच कशाला? तो सुरुवातीलाच 'झालं' म्हणून मोकळा होतो."

"आपण?" अण्णा म्हणाले. "तू काढ बघू."

तिनं हसून डोळे मिटले, खडू टेकवला. "झाला."

तिची कोर अण्णांच्या कोरीच्या अर्धी होती. अण्णांनी निदान पंचावन्न वर्षं स्वतःच्या हातानं गोल पुरे केले होते. तिच्या हाताला ती शिदोरीच नव्हती. तिनं पाटी मांडीवर घेतली. मग ओल्या फडक्यानं पुसून टाकली, दोनदा.

त्यानंतरचे सहा दिवस अण्णांनी पाटीवर गोल काढले. मन म्हणे झालं, अण्णा म्हणत नाही झालं, आणि चिखलातून गाडी ओढावी तसा हात पुढे ओढत. घामानं सदरा भिजायचा. चौथ्या दिवशी गोल जुळला, वेडावाकडा पण जुळला. मग ते आंधळ्या चालकाकडे वळले. दहा तुकडे वाया गेले. अकराव्या घोडीचा माथा थोडा ओबडधोबड होता, एका कडेला खरवडलेला. ती वीणेवर चढवली, तार छेडली आणि अण्णांनी कान वीणेला टेकवला. स्वर भावंडांसकट घरी आला होता.

"हीच," ते डोळे पुसत म्हणाले. "सिकंदरभाई, हीच."

सप्ताहाच्या पहिल्या सकाळी मंडप भरला होता. चारएकशे माणसं, पुढे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये आळतेकर बुवा. गळ्यात वीणा घालून अण्णा उभे राहिले. बुवांचा आवाज तेजाळ, निरूपण रसाळ. असं कीर्तन ऐकताना अण्णांना एरवी देहाचं भान राहत नसे. आज राहिलं. डोळे मिटत नव्हते. ते खांबाखांबावरच्या स्पीकरांवर जात होते, तिथून शर्वाणीवर, आणि पुन्हा स्पीकरांवर.

नाम सुरू व्हायच्या आधी बुवा पाणी प्यायला थांबले, तेव्हा अण्णांनी तिला खुणेनं बोलावलं. "शर्वे, स्पीकरच्या आत काय असतं गं?"

"चुंबक आणि तारेची गुंडाळी. मोटरच ती, फिरायच्या ऐवजी मागेपुढे होणारी." एवढं बोलली आणि तिचाच चेहरा उतरला.

"तिला चालक कुठला?"

तिनं खांबाकडे पाहिलं.

"सांग की."

"पूर्तीच," ती म्हणाली. "खांबांवर माईक आहेत. कुणाचा सूर अर्ध्यात पडला तर भरून काढतात. भजनं किती भरीव होतात म्हणून सगळ्या देवळांनी बसवले. अण्णा, जाऊ द्या. आज नको."

अण्णांच्या डाव्या हाताशी खांब होता, खांबावर वीजपेटी, तिच्यावर स्पीकरांचं जुनं लोखंडी बटण. लोक सुखात होते. पहिल्या रांगेतली म्हातारी आतापासूनच डोलत होती. कळून कुणाचं काय भलं होणार होतं? पण पांडुरंगाच्या दारात उभं राहून आपण त्याला काय वाहतोय, हे न बघता वाहायचं? अण्णा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. वीणेची तार वाजतच होती.

बुवांनी हात वर केले. टाळ खणाणले. मंडप उसळला:

"राम कृष्ण हरी! राम कृष्ण हरी!"

अण्णांनी बटण खाली ओढलं.

"राम कृष्ण..."

आणि शांतता.

मग पुन्हा, चारशे गळ्यांतून, प्रेमानं: "राम कृष्ण..." आणि शांतता. टाळ वर गेलेले, एकमेकांना न भिडलेले. कुणी दचकलं नाही. कुणाला काही कमी पडल्याचं दिसत नव्हतं. म्हातारीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ समाधानानं बंद झाले होते. बुवांनी प्रसन्नपणे मान डोलावली, जणू नाम पुरतं देवापाशी पोचलं होतं.

शर्वाणी तोंडावर हात ठेवून बापाकडे बघत होती.

वीणा खाली ठेवता येत नव्हती. अण्णा तार छेडत राहिले. पुढच्या वेळेला शांतता आली तेव्हा त्यांनी सगळं बळ गोळा केलं, चिखलातून गाडी ओढावी तसं, आणि एकट्यानं म्हटलं, "हरी!"

म्हटलं, असं त्यांना वाटलं. छातीत हरी पुरता उमटला होता. त्यांनी शर्वाणीकडे पाहिलं. ती तशीच बघत होती, अजून काहीतरी ऐकायची वाट पाहत असल्यासारखी.