सूर्यकाकांची गिटार

शुक्रवार हा धनंजयचा आठवड्यातला एकमेव सुट्टीचा दिवस, आणि बायकोनं तो अजमानला घालवायचं ठरवलं होतं.

गाडीतून उतरताच त्याचा चष्मा पांढराफटक झाला. ऑगस्टमध्ये हे रोजचंच. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की मिनिटभर आंधळं व्हायचं. तो चरफडत काचा पुसत उभा राहिला, तोवर मृणालिनी जिना चढूनही गेली. तिला चष्मा नव्हता, आणि नवऱ्यासाठी थांबायची सवयही नव्हती.

पुण्यात विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडण्यात तिची बारा वर्षं गेली होती. दुबईत ती गृहिणी होती, निदान व्हिसावर तरी. मराठी मंडळींत कोणाचं काही हरवलं की फोन तिलाच यायचा आणि ड्रायव्हर म्हणून धनंजयची नेमणूक व्हायची.

आजचा फोन अजमानच्या प्रभावतीकाकूंचा होता. त्यांचे यजमान सूर्यकांत आजगावकर म्हणजे आखातातल्या ब्लूजचे बापमाणूस. मूळचे वेंगुर्ल्याचे, तरुणपणी बोटीवर खलाशी. अमेरिकेतल्या एका बंदरात बोट महिनाभर अडकली, तेव्हा धक्क्यावरच्या काळ्या मजुरांकडून ते हे दुःखाचं गाणं गिटारवर शिकले. करंगळीत काचेची नळी घालून तारांवरून घसरवायची, की तार माणसासारखी रडायची. पुढे वीसेक वर्षं त्यांनी दुबईच्या हॉटेलात वाजवलं. बहारीनपासून मस्कतपर्यंत जो कोणी तारेवर काच घासत होता, तो काकांचा शिष्य, नाहीतर शिष्याचा शिष्य. शुक्रवारी ते अल क्वोजच्या कामगारांच्या कॅम्पात फुकट वाजवायचे. मालवणकडची माणसं एक शब्द न कळता डोळे पुसायची.

गेल्या वर्षभरात ते हॉटेलात फक्त गात होते, वाजवणं त्यांनी शिष्यांवर सोपवलं होतं. आता व्हिसा संपत आला होता. आज संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम होता, तो रेकॉर्ड करायला लंडनहून एका म्युझिक कंपनीचा माणूस आला होता, आणि काल संध्याकाळी गिटार घरातून नाहीशी झाली होती.

"बसा, ती ब्लँकेटं सरकवा जरा," प्रभावतीकाकू म्हणाल्या. "कार्गो जायचाय पुढच्या आठवड्यात. ही भरलीत असं वाटत होतं, तर सकाळी बघते तो बाहेरच. वय झालं माझं! दोऱ्या आवळून हात सोलले, पण हे कशाला हात लावतील तर शपथ."

भिंतीशी पाच खोकी होती. चारांना दोरीचे घट्ट विळखे होते. सगळ्यात मोठं खोकं फ्रिजचं होतं. त्यावर मार्करनं 'ब्लँकेट' लिहिलं होतं, आणि दोरीऐवजी वाकडीतिकडी चिकटपट्टी होती. काकू दमल्या असतील, धनंजयला वाटलं.

सुलेमानी चहा आला. धनंजयनं ग्लास उचलला आणि चटका बसून खाली ठेवला. सूर्यकाका मात्र तो उकळता ग्लास डाव्या हाताच्या बोटांत धरून निवांत बसले होते. एका बोटाला भाजल्याचा ताजा फोडही होता. जन्मभर तारा दाबून बोटं निबर झाली असणार! धनंजयला कौतुक वाटलं.

"जपून हं काका," म्हणत मृणालिनीनं ग्लास काढून घेतला आणि त्यांची बोटं क्षणभर हातात धरली. "काल काय झालं?"

"सहाला बेडरूममध्ये पडलो होतो. एसी फुल. दाराचा आवाज आला, तसा थेट गॅलरीत धावलो. खाली माझा शिष्य सिद्धांत टॅक्सीत गिटार ठेवत होता. दोन सेकंदांत टॅक्सी गेली, पण तोंड स्पष्ट दिसलं."

"चष्मा होता डोळ्यांवर?"

"त्याशिवाय यांना समोरची भिंत दिसत नाही," काकू म्हणाल्या. "मी खाली बकाल्यात वाणसामान आणायला गेले होते. पण सिद्धांत असं करणार नाही गं! त्याच्याकडे किल्ली आहे, पोटच्या पोरासारखा वावरतो."

हॉटेलचा मॅनेजर हेमचंद्र येरझारा घालत होता.

"मॅडम, मी काल सहाला लंडनवाल्याला घ्यायला एअरपोर्टवर. गिटार नाही म्हटल्यावर त्याला काय सांगू? जुम्म्याची नमाज झाली की पोलीस कंप्लेंट. सिद्धांतचा व्हिसा आमचा आहे. कंप्लेंट झाली की खलास, बॅन लागून घरी."

"लंडनवाल्याला काकांचं एवढं वेड कशानं लागलं?"

"जूनमधल्या कॅसेटनं! काका म्हणाले होते आठवण म्हणून ठेव, मीच पाठवली. क्या बजाया है! स्टुडिओत दोघंच, काका आणि सिद्धांत. खिडकीची काचसुद्धा झाकली, मला नो एंट्री."

सिद्धांत स्वयंपाकघराच्या दाराशी मान खाली घालून उभा होता. बत्तीस वर्षांचा, पूर्वी एसीच्या डक्टचं काम करणारा. काकांना तो कॅम्पातच सापडला होता.

"काल सहाला कुठे होतास?" मृणालिनीनं विचारलं.

"कॅम्पात. रूमवर एकटाच."

"गिटार नेलीस?"

"काका म्हणतात ना पाहिलं, मग पाहिलंच असेल."

धनंजयचं डोकंच उठलं. "अरे बाबा, हो म्हण, नाहीतर नाही म्हण! तुझी नोकरी चालली आहे आणि तू काय कोडी घालतोस?"

नमाजेला अर्धा तास उरला होता.

"अहो," मृणालिनी नवऱ्याला म्हणाली, "गॅलरीत जा आणि आपल्या गाडीचा नंबर वाचा."

"नंबर पाठ आहे मला."

"जा म्हणते ना!"

तो गेला. पुन्हा सगळं पांढरं. "काय दिसणार, कप्पाळ? चष्म्यावर वाफ धरली!"

"काकांच्या चष्म्यावरही धरली असणार. थंडगार खोलीतून धावत आलेल्या माणसाला दोन सेकंदांत चेहरा दिसत नाही. काका, तुम्ही कोणालाही पाहिलेलं नाही."

ती फ्रिजच्या खोक्याकडे गेली. "काकूंनी बांधलेल्या प्रत्येक खोक्याला दोरी आहे, फक्त याला पट्टी. यातली ब्लँकेटं तर आपण मघाशी सरकवून बसलो. म्हणजे आत दुसरं काहीतरी आहे, आणि ज्यानं ते ठेवलं त्याला गाठ मारता येत नाही."

पट्टी फाटली. आत केससकट गिटार होती. काकू केसवर हात ठेवून खाली बसल्या.

"निबर बोटाला ग्लासानं फोड येत नाही," मृणालिनी म्हणाली. "तुमची बोटं बाळासारखी मऊ आहेत, आणि त्यांना चटकाही कळत नाही. तारा दाबणं कधी सुटलं?"

सूर्यकाकांनी हात मांडीवर उपडा ठेवला. "मागच्या वर्षीच्या रमजानात. शुगर. रोज्यांमुळे महिनाभर हॉटेलात वाजवणं बंद होतं. ईदला गिटार उचलली, तर बोटं माझी राहिली नव्हती."

"मग जूनची कॅसेट?" हेमचंद्र ओरडला, आणि ओरडतानाच त्याला उत्तर कळलं. स्टुडिओत दोघंच होते.

"आज स्टेजवर बसलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं," काका म्हणाले. "कार्यक्रम रद्द झाला असता, तर नाव राहिलं असतं."

"त्याला नुसती चोरी पुरे होती. याचंच नाव का घेतलंत?" मृणालिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हा घरी गेला की कॅसेट कोणी वाजवली ते सांगायला कोणी उरणार नाही, म्हणून?"

"तेही," काका म्हणाले. "आणि तो माझ्यापेक्षा चांगलं वाजवतो म्हणून. ते ऐकवत नव्हतं मला."

"काका, राहू द्या," सिद्धांत पुटपुटला.

"राहू द्या काय?" धनंजय कडाडला. "हा तुला देशोधडीला लावत होता, आणि तू राहू द्या म्हणतोस? तुझ्या या भक्तीला काय म्हणावं?"

"यांनी हातात दिली नसती, तर मला गिटार धरतात कशी हेसुद्धा कळलं नसतं."

काकू उठल्या. त्यांनी हेमचंद्रच्या हातातला मोबाइल घेतला आणि नवऱ्यासमोर धरला. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे दया अजिबात नव्हती.

हेमचंद्रनं नंबर लावून दिला. काकांनी फोन कानाला लावला. मग ते लंडनच्या माणसाला इंग्रजीत म्हणाले, "गिटार मिळाली. ती चोरीला गेलीच नव्हती, मीच लपवली होती. आणि ती कॅसेट मी वाजवलेली नाही. ज्यानं वाजवली तोच आज वाजवेल. त्याचं नाव सांगतो, स्पेलिंग लिहून घ्या."