खांबाच्या जागी

"देवलातला जॅक काढून आन. सकाली सुकापूरला स्लॅब हाय," बांधकामाचे ठेके घेणाऱ्या कमळाकरशेठनं पोराला, प्रणितला सांगितलं. गोष्ट इथून सुरू होते, काशिरामबाबा म्हणतात. जेवणं झाली की विचुंब्याच्या नाक्यावर आम्ही पोरं त्यांना धरून बसवतो. कमळाकर त्यांचा चुलतभाऊ, तरी त्याची चूक ते झाकत नाहीत.

देऊळ शिलाहारांच्या वेळचं. चुन्याचा कण नाही. दगडावर दगड, एकाच्या वजनानं दुसरा धरलेला. चार खांब, त्यांवर तुळया, वर छत. शेकडो वर्षं उभं होतं. मग कमिटी आली. पुढाऱ्याच्या सत्कारात एक खांब फोटोच्या आड येत होता. गावच्या शहाण्या म्हाताऱ्यांनी एकमतानं तो कटरनं कापला, तुळईखाली कमळाकरच्या कामावरचा लोखंडी जॅक लावला आणि पेढे वाटले.

रात्र गेल्या कार्तिकातल्या अमावास्येची. प्रणित टॉर्च घेऊन आत गेला. बाप बाहेर गाडीत, एसी लावून.

"बाबा, वरचा दगड याच्यावरच बसलाय."

"इतकी वर्सं नाय परला, तो आता तुज्यासाठी परंल? काढ."

पुढचं प्रणितनं काशिरामबाबांना सांगितलं. एकदाच.

त्यानं जॅकची दांडी फिरवली. वरून माती गळाली. पुन्हा फिरवली. जॅक सैल झाला... कलंडला. टॉर्च हातातून गेली.

तुळई करकरली.

खाली आली. दगड केसांना लागला.

थांबली.

अंधारात, अगदी खांद्याशी, कुणाचा तरी श्वास. ओझं उचललेल्या माणसाचा असतो तसा. अडकत, घुसमटत.

"कोन हाय?"

...

"कोन...?"

दातांवर दात दाबून एकच शब्द आला. "नीघ."

तो रांगत बाहेर आला. बापानं काच खाली केली.

"जॅक कुठाय?"

काशिरामबाबा इथं थांबतात. बिडी विझलेली असते, तरी ओढतात.

"मंग सकाली आमी गेलो. तुलई जाग्यावर. खाली टेकू म्हनून काय बी नाय."

"काहीच नाही?"

ते देवळाकडं बोट दाखवतात.

मी जाऊन पाहिलंय. खांब कापला तिथं, काळ्या दगडात, दोन अनवाणी पावलं रुतलीत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा बोटभर खोल होती. कमिटीची आरती अजून त्याच छताखाली होते. काल मी एका पावलात हात घातला. मनगट बुडालं.

तळाचा दगड गरम होता.