वकीलची सोबतीण

वकील हे कुत्र्याचं नाव. अंगानं काळाभोर आणि गळ्याखाली पांढरा पट्टा, म्हणून सदाशिवरावांनी तो पिल्लू असतानाच त्याचं बारसं करून टाकलं होतं. तो भांडायला उठला की ते म्हणायचे, “बसा वकीलसाहेब, तारीख पुढच्या महिन्यात आहे.” वर्ध्याच्या बाजारातलं कापडाचं दुकान विकून सदाशिवराव बोरगाव मेघेच्या घरात येऊन राहिले, त्यानंतरची नऊ वर्षं माणूस आणि कुत्रा दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर होते. त्यांची एकुलती मुलगी ज्योत्स्ना एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक होती. सकाळी साडेनऊला स्कूटी काढायची ती संध्याकाळी सहाला घरी. पन्नाशीला आली होती. लग्न का केलं नाही हे आता कोणी विचारतही नव्हतं.

दिवाळीनंतर सदाशिवराव गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि ज्योत्स्नाने घराला बाहेरून कुलूप लावलं. त्या घराला दिवसाढवळ्या कुलूप लागण्याची ती पहिलीच वेळ.

वकील रडायला लागला. भुंकणं नव्हे, लांब हेल काढून, मध्ये थांबून, कोणी येतं का हे ऐकून पुन्हा रडणं. साडेनऊला सुरू झालं की सहापर्यंत. समोर राहणारा धनंजय कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. आठ दिवस त्याने काढले. नवव्या दिवशी तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

“ताई, मी रागानं नाई बोलून राह्यलो,” तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. “पण झोपच नाई. मशीनमंदी हात जाईन एखाद्या दिवशी माह्या.”

ज्योत्स्नाने गिरडच्या चुलतभावाला फोन केला. त्याचं टेकडीखाली शेत होतं, राखणीला कुत्रा हवाच होता. पुढच्या रविवारी घेऊन जातो म्हणाला. फोन ठेवून ती वकीलजवळ खाली बसली. वडिलांचा, तिच्या दादांचा खोकला, दादांची चप्पल, दुपारची त्यांची वामकुक्षी हे सगळं माहीत असलेलं आता जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

शेजारच्या प्रमिलाबाईंची मुलगी प्रेरणा बारावीला होती. तिने तोड सुचवली. “ताई, एकट्या कुत्र्यांसाठी व्हिडिओ असतात. आठ-आठ तासांचे. टीव्हीवर लावून ठेवायचे.”

लावून पाहिले. दाणे टिपणारी कबुतरं, खारी, कुठल्याशा परदेशी बागेतली हिरवळ. वकीलने एकदा पडद्याजवळ जाऊन वास घेतला आणि दाराशी परत जाऊन हेल काढला.

“त्याले खार नाई पाह्यजे,” प्रेरणा म्हणाली. “माणूस पाह्यजे. तुमचाच काढू.”

शुक्रवारी ज्योत्स्नाने सुट्टी घेतली. पिवळी सुती साडी नेसून ती दादांच्या वेताच्या खुर्चीत बसली, मांडीवर मेथीची जुडी. समोर टेबलावर मोबाइल टेकवलेला. आपण नीट दिसतो का हे कळावं म्हणून सेल्फीचा कॅमेरा. तासभर ती मेथी निवडत राहिली. मधून मधून, काहीतरी बोलायला हवं म्हणून, “वकील, बस. इथंच आहे मी,” एवढंच म्हणाली. व्हिडिओ भरला एक तास दोन मिनिटं. प्रेरणाने तो पेनड्राइव्हवर घेतला आणि पुन्हापुन्हा चालू राहील असा टीव्हीला लावून दिला.

शनिवारी संध्याकाळी ज्योत्स्ना परतली तेव्हा धनंजय अंगणात दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, “ताई, झोपलो आज.”

तिने गिरडला फोन करून नको म्हणून सांगितलं.

पुढचे चार महिने सुखाचे गेले. प्रमिलाबाई दुपारी मागच्या अंगणात वाळवणं घालायच्या. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. एकदा त्या म्हणाल्या, “आज सुट्टी होती का तुले? आवाज येत होता तुहा.”

“टीव्ही असतो काकू.”

“हं. बरं वाटलं बापा. सदाशिवराव गेल्यापासून तुले हसताना ऐकलंच नव्हतं.”

ज्योत्स्ना हो म्हणाली आणि आत आली. व्हिडिओत ती कुठंच हसली नव्हती. टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडं कसाही ऐकू जातो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

मग एप्रिलात दाढ दुखायला लागली म्हणून ती दुपारी तीनलाच घरी आली. वकील खुर्चीजवळ पसरला होता. त्याने मान वर करून शेपूट दोनदा आपटलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. ज्योत्स्ना गालाला हात लावून पलंगावर बसली आणि पहिल्यांदाच तो व्हिडिओ नीट बघू लागली.

पडद्यावरचं घर उलटं होतं. कॅलेंडरवरचे आकडे उलटे, खिडकी पलीकडच्या बाजूला, तिचा पदर उजव्या खांद्यावर. सेल्फी कॅमेऱ्याचं ते काम. पिवळ्या साडीतली बाई मेथी निवडत होती. मेथी संपली. तिने खाली वाकून वाटाण्याच्या शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली. ज्योत्स्नाने घरात वाटाणे आणले नव्हते. एक दाणा उडाला. बाई हसली, खाली बघून म्हणाली, “घे, खा. दादा द्यायचे ना तुला?” इकडे खोलीत वकीलने जीभ फिरवली.

दादा वकीलला वाटाणे द्यायचे हे ज्योत्स्नाला ठाऊक नव्हतं. ती त्या वेळी नेहमी ग्रंथालयात असायची.

ती उठली नाही. दाढेचा ठणकाही तिला जाणवत नव्हता. पावणेसहाला बाईने सालं गोळा केली, दाराच्या दिशेला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, “चल, येईलच ती आता. दमलेली असते. अंगावर उडी नको मारू.”

वकील उठून दाराशी गेला.

त्याच संध्याकाळी तिने प्रेरणाला बोलावलं. दोघींनी व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. एक तास दोन मिनिटं. मेथी, आणि फक्त मेथी.

“काऊन ताई? खराब झाला का?”

“नाही. बघत होते जरा.”

भीती तिला नंतर वाटली. आधी मनात आलं ते वेगळंच होतं. इतक्या मायेनं आपण कधी कोणाशी बोललो, हे ती आठवत राहिली आणि तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिने टीव्ही बंद ठेवला. संध्याकाळी धनंजय दारात बसलेला दिसला, गुडघ्यांत मान घालून. तिसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ पुन्हा लावला.

मे महिना लागला. वर्ध्याचा मे, सकाळी अकराला रस्ते रिकामे होतात आणि नळाला उकळतं पाणी येतं. एका शनिवारी ज्योत्स्नाला समुद्रपूरला निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण होतं. ती सातलाच निघाली. निळा सलवार-कुर्ता, डोक्याला ओढणी. दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, टीव्ही सुरू, वकीलचं पाणी भरून ठेवलेलं. मागच्या दाराला आतून कडी आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप.

प्रशिक्षणात मोबाइल बंद करून ठेवायला लावले होते. साडेतीनला तिने तो चालू केला तेव्हा प्रेरणाचा निरोप दिसला. सकाळी दहाचा. ‘ताई, डीपी जळली. पूर्ण कॉलनीत लाइट नाही. आज येणार नाही म्हणतात.’

म्हणजे दहापासून कूलर बंद. खिडक्या लावलेल्या. वर तापलेला स्लॅब, आणि आत दहा वर्षांचा म्हातारा कुत्रा.

तिने प्रेरणाला फोन लावला, प्रमिलाबाईंना लावला. दोन्ही बंद, लाइट नाही तर चार्जिंग कुठलं. बसची वाट न बघता तिने काळीपिवळी जीप धरली. जामजवळ जीपचं टायर फुटलं. स्टेपनीत हवा नव्हती. दीड तास ती रस्त्याकडेला बाभळीखाली उभी होती आणि मनातल्या मनात वकीलची माफी मागत होती. गिरडला पाठवला असता तर झाडाखाली तरी पडला असता. आपल्याला सोबत हवी म्हणून ठेवला.

घरी पोचायला सात वाजले. फाटक उघडताना आतून कसलाच आवाज नव्हता. तिने कुलूप काढून दार ढकललं.

वकील हॉलच्या मधोमध पडला होता. त्याच्याखाली ओली चादर होती. अंगावर ओला टॉवेल.

त्याने डोळे उघडले. शेपूट हललं.

ती खाली बसली. त्याच्या कानांना, पोटाला हात लावून बघितला. गार होता. डोक्याशी एक पातेल्यासारखा स्टीलचा गंज होता, त्यात थंड पाणी. गंज तिचा नव्हता. त्याच्या काठावर नाव कोरलं होतं, प्रमिलाबाईंचं.

ज्योत्स्नाने मागचं दार तपासलं. आतून कडी लागलेली होती.

ती कडी काढून गंज घेऊन भिंतीपाशी गेली. प्रमिलाबाई अंगणात बाज टाकून हातपंख्याने वारा घेत होत्या.

“काकू, तुम्ही आला होता का आत?”

“मी कायले येऊ? तूच तं बर्फ नेला.” त्या उठून भिंतीशी आल्या. “दोन वाजले असतीन. अठी उभी राह्यली अन् हात पुढं केला. मी म्हटलं, ट्रेनिंगवरून लवकर आली वाटते. फ्रीजरमंदी होता तेवढा देऊन देल्ला. कसा हाये वकील?”

“बरा आहे.”

“काहीच बोलली नाई तू. मले वाटलं, उन्हानं घसा सुकला पोरीचा.” त्यांनी ज्योत्स्नाच्या निळ्या कुर्त्याकडे बघितलं. “पिवळी साडी बदलली वाटते. पदर बाकी उजव्या खांद्यावर काऊन घेतला होता तू?”

ज्योत्स्नाने गंज भिंतीवर ठेवला.

“घाईत होते काकू,” ती म्हणाली.

साडेआठला लाइट आली. कूलर घरघरला. तिने टीव्हीचं बटण बंदच ठेवलं. वकीलला दूधभात भरवला, ओली चादर पिळून दोरीवर टाकली. चादर घट्ट पिळताना तिला रडू आलं. मग रिकाम्या खोलीत, वेताच्या खुर्चीकडे न बघता, ती म्हणाली, “बरं केलंस.”

दुसऱ्या दिवशी रविवार. ती दिवसभर घरीच होती. दुपारी, बराच विचार करून, तिने व्हिडिओ लावला.

खुर्ची होती. अर्धी निवडलेली मेथी टेबलावर होती. उलटं कॅलेंडर वाऱ्यानं हलत होतं. खुर्चीत कोणी नव्हतं.

तिने एक तास दोन मिनिटं वाट पाहिली. कोणी आलं नाही. वकीलने पडद्याकडे एकदाही मान वळवली नाही. तो तिच्या पायावर हनुवटी टेकवून झोपला होता. तिने टीव्ही बंद केला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग त्याच्याशी बोलायला लागली. दादांचं, दुकानाचं, ग्रंथालयातल्या वाळवी लागलेल्या कपाटाचं. बोलता बोलता एकदा हसलीसुद्धा.

पावणेसहाला वकील उठला. अंग ताणलं आणि पुढच्या दाराशी जाऊन बसला. कान टवकारलेले.

“अरे, मी घरातच आहे ना,” ज्योत्स्ना म्हणाली.

त्याने वळून तिच्याकडे बघितलं, शेपूट हलवलं, आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

सहा वाजले.

फाटकाची कडी वाजली. ओट्यावर चपला काढल्याचा आवाज आला. आधी एक, मग दुसरी. मग पर्समध्ये किल्ल्या चाचपताना होते तशी खळखळ.

ज्योत्स्नाच्या किल्ल्या भिंतीवरच्या खिळ्याला होत्या.

वकीलचं शेपूट फरशीवर जोरजोरात आपटत होतं, पण त्याने उडी मारली नाही.

ज्योत्स्ना उठली. स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलेलंच होतं. तिने त्यात आणखी एक कप पाणी घातलं.