रसदबोटीचं दार

कंदील जरा मधोमध ठेवा, म्हणजे मला तुम्हा सगळ्यांचे चेहरे दिसतील. मी मुळातच भित्री. हातातून सांडशी निसटली तरी दचकते, आणि मग सासूबाई म्हणतात, "बी. ए. झालीस गो, पन काळीज चिमनीचं."

माझं माहेर रोह्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं पाणी फक्त वरून येतं. सासर डोलवीच्या पुढे, खाडीला चिकटून. इथं पाणी समोरून चालून येतं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे. खारं पाणी एकदा का भातात शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून उधाणाला प्रत्येक घरातलं एक माणूस बांधावर पाळीला बसतं. जवळ पत्र्याचा डबा असतो. शेजारच्या पाळीवाल्यानं डबा वाजवला की आपण लगेच वाजवून जबाब द्यायचा. जबाब नाही आला, तर तिकडं बांध फुटला असं समजून सगळे धावतात. कमळाकर, म्हणजे माझा नवरा, धाटावला कंपनीत शिफ्टला होता, शनिवारीच यायचा. मामंजींना ताप होता. दिव्याच्या अमावास्येची आमच्या घरची पाळी माझ्यावर आली, आणि तीही उघाडीपाशी.

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी जायचं तोंड. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला बंद करायचं. बाकी गावांत तिथं लाकडी फळ्या असतात. आमच्या गावात बोटीचं दार होतं.

निघताना मामंजींनी गोधडीतूनच ते सगळं सांगितलं. ते तरुणपणी त्याच बोटीवर खलाशी होते. लढाईच्या काळात ती फौजेला रसद पोचवायची. तांदूळ, पीठ, डबे, खाली दारूगोळा. ब्रह्मदेशाच्या वाटेवर एकदा कोळशाच्या कोठीत आग लागली. आत आपल्याच किनाऱ्यावरची चौघं होती. आग दारूगोळ्यापर्यंत जाऊ नये म्हणून वरून हुकूम आला, दार लावा.

"लावलं?" मी विचारलं.

"लावलं. बोट वाचली. रसद येळेवर पोचली." मामंजी भिंतीकडे वळले. "सवराज्य आल्यावर मुंबईच्या शेठनं घेतली ती. मीठ, शिमिट, कांदे, काय काय वाह्यली. दोनदा नाव बदललं तिचं. पन खलाशी टिकंना. शेवटाला आपल्या खाडीच्या चिखलात आणून तोडली. तेच दार सस्तात मिळालं, गावानं घेतलं. चांगलं लोखंड हाय."

"खलाशी का टिकेनात?"

"त्या दाराच्या आतून वाजवायचे." ते इतकंच बोलले. मग म्हणाले, "तुला आयकू आलं तर गप बसायचं. जबाब नाय द्यायचा."

सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "तापात बरळतात ते. तू जा. आनि खिट्ट्या नीट आवळ, नायतर गाव आपल्या दारात शिव्या घालीत येईल."

अमावास्येचं उधाण भर दुपारी येतं, ऐन बाराच्या सुमाराला. तरी उजेड नव्हता. आभाळ बांधावर टेकलं होतं, आणि पाऊस असा बारीक की दिसत नव्हता, नुसता चेहऱ्याला चिकटत होता. उजवीकडच्या पाळीवर आमचा शेजारी पोपट बसला होता, पण धुरकटात त्याचं इरलंसुद्धा दिसेना. खाडीचा तो कुजका, लोखंडी वास. मी दाराच्या चारही खिट्ट्या आवळल्या आणि दगडावर बसले. पलीकडे पाणी चढत होतं. आधी चोखल्यासारखा आवाज, मग हळूहळू तोही बंद. पाणी दाराच्या माथ्यापर्यंत आलं की आवाज करायला जागाच उरत नाही.

वाऱ्यानं माझा डबा उडाला आणि बांधावरून गडगडत शेतात गेला. मी उठणार, तेवढ्यात ठण, ठण, ठण.

पोपटचा डबा. मला तसंच वाटलं. जबाब गेला नाही तर सगळा गाव रोपं तुडवत धावत येईल, आणि उद्यापासून माझं नाव निघेल. डबा वाजवायचा दगड हातातच होता, समोर लोखंड होतं. मी दारावर वाजवलं. ठण, ठण, ठण.

मग सगळं थांबलं. पाऊससुद्धा थांबल्यासारखा.

आणि बऱ्याच वेळानं, उजवीकडून, लांबून, पत्र्याचा फाटका आवाज आला. तो पोपटचा डबा होता.

मी दगड खाली ठेवला. हळूच. जणू तो ठेवताना कुणाला ऐकू जाऊ नये...

"कोन हाय?"

दाराच्या आतून. माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून, कुणी खाली बसून बोलावं तसं.

"कोन हाय तिकडं...? उघड."

पलीकडे माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी खाडी होती. मी दोन्ही तळहात दारावर दाबून धरले. का, ते विचारू नका. वरची खिट्टी माझ्या डोळ्यांसमोर फिरली. किंचित. मग दुसरी. मी तिला धरलं तर ती माझ्या मुठीत वळवळली. मागं वळून पाहिलं: नुकतीच लावलेली सगळ्या गावाची रोपं, पोपटी, पाण्यात उभी.

"उघड गो..." आता दुसरा आवाज. त्याच्या मागं तिसरा.

"आत्ता नको!" मी किंचाळले. "आत्ता नाही उघडता येत! ओहोटी लागू दे. ओहोटीला उघडते, आईशप्पथ उघडते!"

खिट्टी माझ्या मुठीत शांत झाली.

त्या शांततेत मी बसून राहिले. पलीकडे कुणीतरी वाट बघत बसलंय, हे पाठीला कळत होतं.

ओहोटी लागली. पाणी उतरलं. शेतातलं पाणी मात्र रोपांच्या शेंड्यांना लागलं होतं, आणि मी जागची हलेना. पोपट आला, मागोमाग सासूबाई.

"काय गो, झोपलीस का? उघड की!" पोपट म्हणाला.

"नको. आज नको उघडूया. आत... आत आहेत."

"कोन, तुज्या कालेजातला प्रोफेसर?"

"मामंजी म्हणाले होते ते. मी जबाब दिला त्यांना."

सासूबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी मनगट धरून मला उभं केलं. "गावाचं भात कुजवशील? तुज्या बापाच्या डोंगरावरनं आणून देशील आम्हाला खायला? उघड. तुजी पाळी हाय, तुज्याच हातानं उघड."

मी उघडलं.

पाणी धबाधबा खाडीकडे सुटलं. दारामागं कुणी नव्हतं. चिखल, दोन खेकडे. पोपट हसला. पण मी पाण्याकडे बघत होते. ते सगळं बाहेर ओढलं जात होतं, आणि तळाशी चार जागी फुगून ते उलटं चाललं होतं, आत, शेताकडे. एकामागून एक. घाई नव्हती.

"बोयटं चढतात," सासूबाई म्हणाल्या. बोयटं म्हणजे मासे. पण त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

भात वाचलं. सगळ्या गावाचं वाचलं. फक्त एक पट्टा जळाला, माणूस चालेल एवढा रुंद, मीठ लागून पांढरा पडलेला. तो उघाडीपासून निघाला, बांध सोडून वळला, पोपटच्या घराला वळसा घालून आमच्या घराच्या मागच्या भिंतीला येऊन थांबला. पोपटनं बायकोला आमच्याकडे यायची बंदी केली. विहिरीवर बायका मला बघून घागरी उचलून घ्यायच्या. सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत.

शनिवारी कमळाकर आला. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगणार होते, पण तो दमला होता, जेवून लगेच झोपला. सकाळी चहा घेताना म्हणाला,

"रात्री कोन आलं होतं गो? मी झोपेतच होतो. लई वेळ वाजवत होते बिचारे. शेवटी मी म्हटलं, दार उघडंच हाय, या आत."

"कुठलं दार?"

"मागचं," तो म्हणाला, आणि कप तसाच हातात धरून भिंतीकडे बघायला लागला.

आमच्या घराला मागं दार नाही.