शेवटच्या शब्दाआधी

लोकशांती प्रयोगशाळेच्या तळघरात डॉ. बेनोडेकर नव्या सचिवबाईंना संगतमापक दाखवत होते.

"प्रत्येकाचा फोन ऐकायची गरजच नाही, मॅडम. माणूस ज्यांच्यात ऊठबस करतो, त्यांची बोलण्याची लय नकळत उचलतो. कुठे थांबायचं, काय लांबवायचं. हा लयठसा. फक्त म्होरकीचं ऐकायचं, बाकीचे यंत्र शोधतं. माणूस घाबरला की ठसा अगदी स्वच्छ उमटतो, म्हणून ध्वनिग्राहक सगळीकडे कायम चालू."

"या खोलीतही?"

"इथेही. आपला तरी काय भरवसा!"

दोघंही हसली.

"आणि म्होरकी कोण?"

"कुमुद तायडे. निवृत्त नर्स. जिल्हा रुग्णालय विकू नका म्हणून फाटकासमोर सतरंजी टाकून बसतात."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज बसतात." डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे हात केला. "त्यांचं ऐकते ती ही आमची अन्विता. बाळंतपणाच्या रजेतसुद्धा घरून ऐकत होती."

अन्विता कसनुसं हसली. कानात इयरफोन घातला की तान्ही ओवी तो ओढून काढायची, म्हणून ती बारीक आवाजात स्पीकरवरच ऐकायची, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मांडीवरची ओवी कुमुदताईंच्या आवाजावर झोपायची. ताई शेवटच्या शब्दाआधी जरा थांबत. 'आपण इथून उठायचं... नाही.'

"आणि कुणी म्हणालं, मी या बाईंना ओळखतच नाही, तर?"

"अन्विता, लय जुळली म्हणून पकडलेल्या त्या मास्तरांना काय उत्तर दिलंस गं?"

"भेट झाली नाही, हा बचाव ग्राह्य नाही. संगतीशिवाय लय उतरत नाही," अन्वितानं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. मास्तर अजून कोठडीतच होते.

"या आठवड्यापासून सरकारी पाळणाघरांची आवाजी हजेरीही जोडलीय," म्हणत डॉक्टरांनी लय जुळलेल्यांची ताजी यादी पडद्यावर उघडली. पहिल्या क्रमांकावर एक लहान मूल होतं.

"पोरांनाही सोडत नाहीत ही माणसं!" सचिवबाई म्हणाल्या.

"मोठी माणसं लय अर्धीमुर्धी उचलतात, मॅडम. पोरं अख्खी उचलतात."

"मग अशा पोरांचं काय करायचं?"

"घरापासून लांब ठेवायचं. वसतिगृह आहे आपलं."

त्यांनी आवाज लावला. बोबडा, पण ठाम.

"मी आले... आहे."

अन्विताच्या हातातला पेला टेबलावर कलंडला. पाणी सगळ्या कागदांवर पसरलं.

"सर, ही माझी ओवी आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"ती त्या बाईंना कधी भेटलेली नाही, सर!"

"सगळे हेच म्हणतात, अन्विता. उत्तर तूच लिहून दिलंयस."

"मी स्पीकरवर ऐकायचे हो, ती मांडीवर असायची. चूक माझी आहे. पण आम्ही दोघी त्यांना कधीच भेटलो... नाही."

पडद्यावरची यादी हलली. ओवीच्या नावाखाली अन्विताचं नाव आलं.