माया

नकाशा कार्यालयात त्यांना समोर सगळे साहेब म्हणत आणि पाठीमागे भिंग. कागदी नकाशे संगणकावर उतरवण्याचं काम सुरू झालं, तेव्हापासून ते टेबलावर एक जाड भिंग ठेवत. त्यांच्या नजरेतून केसाएवढी रेघही सुटत नाही, असं सगळे म्हणत. हे खरं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास भिंगसाहेब मोजणीदाराला घेऊन बाहेर पडले. काम अगदी किरकोळ होतं. शिलाई करणाऱ्या एका बाईच्या नातीने अर्ज केला होता, ‘माझ्या आजीचं घर नकाशात दाखवावं.’ जागेवर जायचं, मोजायचं आणि तफावत नाही असं लिहून यायचं. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

ते घर नकाशातून कसं गेलं, हे जगात एकट्या भिंगसाहेबांनाच माहीत होतं. जुना नकाशा चार घड्या घालून कपाटात ठेवलेला. गोदाम आणि शाळा यांच्यामध्ये दोन मीटर दहाची एक चिंचोळी पट्टी होती, आणि नेमकी तिच्यावरून घडी गेली होती. पट्टीतला क्रमांक झिजून गेलेला. साहेबांना वाटलं, कागदाची चुणी आहे. अशा चुण्या संगणकात शेकड्याने येत, नकाशेवाले त्यांना चिंध्या म्हणत. एकेक चिंधी पुसायला वेळ कुठे होता? वरून घाई चालली होती. त्यांनी नियमच लिहून टाकला, अडीच मीटरपेक्षा अरुंद असेल ती प्रत्येक पट्टी चिंधी समजावी आणि शेजारच्या जागेत मिसळावी. रोज संध्याकाळी सात वाजता तो नियम साऱ्या शहराच्या नकाशावरून आपोआप फिरे. साहेबांचं कौतुकही झालं त्याबद्दल.

पट्टी गोदामात गेली. गोदामवाल्याने नकाशा दाखवून घर पाडलं. बाईने कार्यालयाचे अकरा खेटे घातले. दहाव्या खेपेला साहेबांनी जुना कागद काढला, भिंग लावलं आणि चुणीखालचा पुसट क्रमांक त्यांना दिसला. त्यांनी कागद पुन्हा घडी घालून ठेवला. अकराव्या खेपेला ते म्हणाले, “बाई, नकाशात तुम्ही नाहीच. नकाशात नाही ते जागेवर नाही.”

बाई त्यांच्या खांद्यांकडे, छातीकडे बघत राहिली. शिंपी बघतात तसं.

“कापड बेतताना कडेला माया सोडतो आम्ही, साहेब,” ती म्हणाली. “शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड. पुढे माणूस वाढलं, सुटलं, तर उसवून सैल करता येतं. तुम्ही अगदी काठावरून कापलंत.”

त्या हिवाळ्यात ती एका जिन्याखाली मेली. साहेबांनी ती बातमी ऐकली आणि डबा खाल्ला. त्यांना त्या दिवशी भूक लागली होती, हे त्यांना नंतर कितीदा तरी आठवलं.

जागेवर दुपारचं लख्ख ऊन होतं. शाळा सुटलेली, गोदामाचं दार बंद. दोन्हींच्या मध्ये आता एकच भिंत होती, बोट घालायला फट नाही. मोजणीदाराने फीत ताणली. गोदाम वीस मीटर पन्नास. शाळा सव्वीस. दोन्ही आकडे नकाशाशी तंतोतंत जुळले.

“आता सलग घ्या,” साहेब म्हणाले. “एकूण सेहेचाळीस पन्नास यायला हवं.”

मोजणीदार फितीचं टोक घेऊन चालत गेला. भिंतीपाशी पोहोचल्यावर तो जरा रेंगाळल्यासारखा वाटला. चालत होता, पण पुढे सरकत नव्हता. मग पलीकडे गेला. आकडा वाचून त्याने फीत झटकली.

“अठ्ठेचाळीस साठ.”

“फीत सैल असेल.”

फीत सैल नव्हती. त्यांनी उपग्रहावरून जागा सांगणारी काठी रोवली, या कोपऱ्यात आणि त्या कोपऱ्यात. काठीच्या पडद्यावरही तेच आलं. दोन मीटर दहा जास्त.

“साहेब… पुन्हा मोजू?”

“नको.”

“मी एक विचारू? भिंतीपाशी तुम्हाला वास आला का? मशीनच्या तेलाचा… आणि कोऱ्या कापडाचा?”

वास साहेबांनाही आला होता. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. भिंत उन्हाने तापलेली हवी होती, ती गार होती, आणि आतून बारीक थरथरत होती. पायाने चालवायच्या शिलाई मशीनच्या पाटीवर हात ठेवला तर थरथरते तशी. थोडा वेळ थांबायची. धागा तोडायला लागतो तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू.

मोजणीदाराने सामान गोळा केलं. परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला.

“आहे तसं लिहून टाका, साहेब. दोन मीटर दहा आहे म्हणून. त्या पोरीला जागा मिळेल… आणि आपणही सुटू.”

त्याचं खरं होतं. एक रेघ परत काढली असती, की काम झालं असतं. पण त्या रेघेबरोबर नियम निघाला असता, नियमाखाली गाडलेल्या बाकीच्या पट्ट्या निघाल्या असत्या, आणि एवढ्या वर्षांचं कौतुक निवृत्तीला तीन महिने उरले असताना धुळीला मिळालं असतं. साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘तफावत आढळली नाही.’ मोजणीदाराने मान खाली घालून सही केली. त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती.

नात कार्यालयाबाहेर बाकावर बसली होती. पंचविशीची, आजीसारखेच बारीक डोळे.

“सापडली का हो जागा?”

“नाही.”

ती रडली नाही, भांडलीही नाही. साहेबांच्या शर्टाकडे बघून म्हणाली, “कुठे शिवलात? हात ओळखीचा वाटतोय.”

“तयार घेतलाय,” साहेब म्हणाले आणि जिना उतरले. खरंच तयार घेतलेला होता. आयुष्यात त्यांनी शर्ट कधी शिवून घेतला नव्हता.

साडेसहाला ते घरी पोहोचले. नकाशात आपलं घर त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं, खोलीन् खोली. कोनाडासुद्धा सोडला नव्हता. खोलीत शिरताच त्यांचा खांदा कपाटाला घासला. शर्ट काढून त्यांनी खाटेवर टाकला. बायको खिडकीशी बसली होती. गुडघे दुखायला लागल्यापासून ती फारशी उठत नसे.

“अहो, खाट तुम्ही सरकवलीत का? सकाळी मला पलीकडून जाता येत होतं.”

पिशवीतली फीत काढून साहेबांनी खोलीची रुंदी मोजली. तीन मीटर पंधरा यायला हवी होती. ती दोन मीटर चौसष्ट आली. थोड्या वेळाने त्यांनी ती पुन्हा मोजली. दोन मीटर अठ्ठावन्न.

त्यांनी कार्यालयात फोन लावला. संगणकावर बसणारा मुलगा जायच्या बेतात होता.

“सातचा नियम आज थांबव,” साहेब म्हणाले. “फक्त आज.”

“साहेब, तो तुमच्या लेखी आदेशाशिवाय थांबत नाही. तुम्हीच तसं करून ठेवलंय ना… आणि थांबवायचं कारण काय लिहू?”

“कारण उद्या लिहून देतो,” साहेब म्हणाले. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. सातला सहा मिनिटं कमी होती.

“बाहेर ये,” ते बायकोला म्हणाले. “आत्ता. माझा हात धर.”

“थांबा हो, गुडघे लगेच कुठे सरळ होतात,” ती म्हणाली. तिच्या मांडीवर त्यांचा शर्ट होता आणि हातात छोटी कात्री. तिने बगलेखालची शिवण थोडी उसवून उजेडात धरली होती. “हा तुम्हाला घट्ट होतो म्हणून जरा सैल करून द्यावा म्हटलं. कुणी शिवलाय हो असा?”

भिंतीच्या आत मशीन सुरू झालं होतं. साहेबांनी फीत पुन्हा लावली. दोन मीटर एकावन्न. नियमाच्या अडीचपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर जास्त.

“बघा ना,” बायको म्हणाली, “अगदी काठावरून मारलीय शिवण. आत माया म्हणून ठेवलेलीच नाही.”